मास्तरांच्या ठिणग्या

उन्हात सावली शोधणारी माणसं सोलापुरात पायलीची पन्नास मिळतील. पण भरदुपारी अंधार शोधत हिंडणारा माणूस एकच, आमच्या शाळेचे सायन्स मास्तर. त्यांनी विलायतेहून बोटभर पितळी नळी मागवली होती. आत रेडियमचा कण, समोर इवलासा पडदा, वर भिंग. रेडियममधून उडालेले अतिसूक्ष्म कण पडद्यावर आपटले की ठिणगी चमके, आणि मास्तर त्या ठिणग्या मोजत. मात्र डोळा अंधाराला सरावल्याशिवाय त्या दिसत नाहीत. म्हणून आधी अर्धा तास ज्वारीच्या कोठीत दार लावून बसायचं, तेही वैशाखात! बाजारात जातानाही उजव्या डोळ्यावर काळी पट्टी, सरावलेला डोळा बिघडू नये म्हणून. पेठेतला वाणी हटकून विचारायचा, "डोळा आलाय व्हय मास्तर? लोणी लावा की." "डोळा कामावर आहे," म्हणत मास्तर गूळ घेऊन चालू लागायचे. न दिसलेली ठिणगी दिसली म्हणणं ही त्यांच्या लेखी चोरीच. शाळातपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी कोठीत बसवलं. साहेब घोरले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "वा! फार सुंदर ठिणग्या." मास्तर म्हणाले, "नळी माझ्या खिशातच होती." त्या वर्षी त्यांची बढती हुकली.

एकट्याचे डोळे मोजून लवकर शिणतात, आणि मग मोजणी भरवशाची राहत नाही. आळीपाळीला दुसरं माणूस हवं, आणि आम्ही सगळे सहशिक्षक तर पळ काढायचो. शेवटी मास्तर चाळिशीत लग्नाला उभे राहिले. मोहोळला मुलगी बघायला मी बरोबर होतो. पोह्यांना हातही न लावता त्यांनी विचारलं, "अंधारात अर्धा तास न बोलता बसता येईल?" मुलीचे वडील ताडकन उठले. मी जोडे शोधू लागलो. तेवढ्यात मुलगीच मान खाली घालून म्हणाली, "येईल की. पण कशासाठी, ते आधी सांगा." मास्तर सांगत राहिले, पोहे गार झाले आणि लग्न ठरलं.

पुढे काचबिंदूने मास्तरांची नजर गेली. भेटायला गेलो तर दोघं कोठीत. वहिनी नळीला डोळा लावून म्हणत होत्या, "पडली... ही आणखी एक..." मीही मुकाट अर्धा तास बसलो, मग नळी घेतली. एकही ठिणगी नाही. जुना पडदा पार निकामी झाला होता. वहिनी चहा करायला उठल्या. मी काही बोलणार, तोच मास्तरांनी माझा हात धरला.

"पडदा केव्हाच मेलाय, ठाऊक आहे मला. तिला सांगू नका. मोजायची थांबेल."

हे त्या माणसाच्या तोंडून! वहिनी चहा घेऊन आल्या, तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, "आज बऱ्याच पडल्या की हो वहिनी!"