पांढऱ्या घोडीचं कातडं

पांढरी घोडी पांढरी नसते. हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं, लग्नानंतर पंधराच दिवसांनी, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात उभं करून. आमच्या घरी वरातीला घोडी देण्याचा धंदा. सुट्टीच्या दिवसांत तीच घोडी वाळूवर पर्यटकांच्या पोरांना फिरवते. नवरा कंटेनरच्या ट्रेलरवर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर, त्यामुळे घोडीचं सगळं करायचं ते बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आणि मी. त्या दिवशी बाबांनी घोडीवर बादली ओतली, ओल्या केसांत बोटं घालून भांग पाडला आणि म्हणाले, "बघ." बघते तर काय, दुधासारख्या केसांखाली कातडं तव्यासारखं काळं.

"ही खरी घोडी," बाबा म्हणाले. "बाजारात गुलाबी कातडीचा पांढरा घोडा, नुकरा, बी भेटतो, निस्ता लोण्याचा गोला. आपल्या उन्हात आनला की आठ दिवसांत नाक सोलतं त्याचं. दर्यावर काळं कातडंच टिकतं."

मला भारी कौतुक वाटलं. पण मनात दुसरंही आलं, ते सांगूनच टाकते. पंधरा दिवसांपूर्वी माझ्याच लग्नात, फोटोच्या वेळी, हाच माणूस मला म्हणाला होता, "सूनबाय, घोडीपासून जरा लांब उभी ऱ्हा. बाजूला राहिलीस तर आनखी काळी दिसशील." सगळे हसले. मीही हसले, नव्या नवरीनं दुसरं काय करायचं? पण ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. त्या फोटोत मी घोडीपासून चांगली चार हात लांब उभी आहे.

बाबा वाईट माणूस नव्हे हं. घोड्यांच्या बाबतीत तर त्यांच्यासारखा माणूस मी बघितला नाही. कपाळावरचा भोवरा बघून घोड्याचा स्वभाव सांगायचे, आणि तो तसाच निघायचा. वाळूवर नुसता टापांचा आवाज ऐकून म्हणायचे, "मागचा डावा दुखतोय." देवावर श्रद्धा दांडगी. खंडोबा पांढऱ्या घोड्यावर बसतो म्हणून आमच्या तबेल्यात पायताण घालून कुणी जायचं नाही. वरातीत बायका घोडीच्या खुरांवर पाणी घालतात, कुंकू लावतात. तेव्हा लगाम धरून उभे असलेले बाबा असे ताठ व्हायचे, की जणू नमस्कार त्यांनाच चाललाय.

ज्या वर्षी वादळानं माडांची डोकी उडवली, त्या वर्षी आधीच टाळेबंदीनं लग्नं बंद पडली होती. वराती नाहीत, पर्यटक नाहीत. घोडी मात्र खायची थांबत नाही. त्यात ती फुगत चालली. ही माझ्या लग्नातली नव्हे, नवी, आदल्या हिवाळ्यात खानदेशच्या घोडेबाजारातून आणलेली. बाबा म्हणाले, बसून खातेय, पोट सुटलं. अहो, ती गाभण होती! बाजारात येण्याआधीच कुठल्या तरी घोड्याला लागली होती, आणि जन्मभर घोडे पारखलेल्या माणसाला ते कळलं नाही. पण त्यांचाही काय दोष? आमच्या तबेल्यात नेहमी मोठं, तयार जनावरच यायचं. शिंगरू कधी जन्मलंच नव्हतं.

वादळानंतर आठवड्यानं, पहाटे, उडालेल्या पत्र्यांच्या जागी बांधलेल्या ताडपत्रीखाली ते जन्मलं. आणि कोळशासारखं काळं! माझी मुलगी तेव्हा सोळा वर्षांची. ती तर नाचायलाच लागली. पिल्लू चार काटक्यांवर उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं आणि थेट तिच्या ओढणीचं टोक चोखायला लागलं. बाबा दारात उभे होते.

"देवाच्या घोडीच्या पोटी हे काय आलं?" ते म्हणाले. "काळी घोडी वरातीला कोन नेतो? दूध सुटलं की देऊन टाकू."

हे बोलणं माझ्या सोळा वर्षांच्या काळ्या मुलीसमोर. ती आपली पिल्लाला टॉवेलनं पुसत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेण उचललं आणि बाहेर गेले.

पिल्लाची नाळ बघायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना मी हळूच विचारलं, हे काळंच राहणार का? त्या हसल्या. म्हणाल्या, "ताई, तुमची घोडी जन्मली तेव्हा पांढरी होती असं वाटतं तुम्हाला? हिच्यासारखी पांढरी घोडी जन्मते काळी, नाहीतर तपकिरी. मग वर्षावर्षाला केसांतला रंग संपत जातो. कातडीतला नाही, फक्त केसांतला." मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. प्रत्येक पिल्लाला आईकडून एक चिठ्ठी मिळते, बापाकडून एक. त्यातल्या एका चिठ्ठीवर जरी 'पांढरं हो' असं लिहिलेलं असलं तरी पुरे. आईकडे तशा दोन चिठ्ठ्या असतील तर प्रश्नच मिटला. एकच असेल तर छापा-काटा. बापाचा तर पत्ताच नाही.

"मग कळणार कधी?"

"डोळ्यांकडे लक्ष ठेवा. पिल्लाचे पहिले केस झडले की डोळ्यांभोवती पांढरे केस दिसतील. दिसले, तर समजा झालं." जाता जाता त्यांनी आईची शेपूट उचलून खालून बोटं फिरवली. म्हणाल्या, पांढऱ्या घोड्यांना वय झाल्यावर इथे काळ्या गाठी येतात, दर महिन्याला बघत जा. एवढ्या रूपाची काहीतरी किंमत असायचीच म्हणा.

मी बाबांना हे सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "चिठ्ठ्या काय, लॉटरी हाय का? चाळीस वर्षं घोडे बघतोय मी." आणि कर्जतकडच्या एका व्यापाऱ्याला निरोप धाडला. तो माथेरानला घोडे पुरवायचा. तिथे रंगाचं कुणाला पडलेलं नसतं, चढ चढला म्हणजे झालं. दिवाळी झाली की तो येणार, असं ठरलं.

मग मी रोज त्या पिल्लाचे डोळे बघू लागले. सकाळी दार उघडलं की आधी डोळे, मग चहा. मुलगी माझ्यावर हसायची. पण तिनंही मनातल्या मनात देव पाण्यात ठेवले होते, मला माहीत होतं. पिल्लू तिच्या मागे वाळूवर हुंदडायचं. ती खाडीकाठच्या खाजणाकडे गेली की बांधावर उभं राहून खिंकाळायचं. बाबा ओट्यावरून ओरडायचे, "ए पोरी, उन्हात नको फिरू, काळी पडशील!" ती ओरडायची, "आहेच की आधीपासून!"

दसऱ्याच्या सुमारास पिल्लाचे लहानपणचे मऊ केस गेले. एका सकाळी उजव्या डोळ्याखाली मला काहीतरी चमकलं. मी बाबांना ओढत आणलं. त्यांनी वाकून बघितलं. "मीठ लागलंय," म्हणाले. मी ओला टॉवेल आणला, पुसलं. होतं तसंच! पांढरे केस, अगदी बारीक, मोजून दहा-बारा.

"चार म्हैन्यांत केस पिकले व्हय?" बाबा म्हणाले आणि निघून गेले. आईशप्पथ, त्या क्षणी मला रडूच आलं. एवढा जाणता माणूस, आणि डोळ्यासमोरचं दिसेना!

व्यापारी आला. बाबांना घोडेवाल्यांची एक रीत पाठ होती. घेणारा आला की खोड काढतो. खूर वाकडे, मान आखूड, भोवरा चुकीच्या जागी. तोही तसंच करत होता. पाय उचलला, नाक मुरडलं. दात बघितले, मान हलवली. मी खांबाला धरून उभी होते, आणि मुलगी तर पिल्लाच्या गळ्यातच पडली होती. मग त्यानं पिल्लाचं तोंड उन्हाकडे वळवलं, डोळ्यांकडे बघितलं आणि खोड काढायचा थांबला. "बरं हाय," म्हणाला, "आताच घेऊन जातो. टेंपो रस्त्यावरच हाय."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग पिल्लाकडे. मग बराच वेळ समुद्राकडे. गिऱ्हाईक खोड काढायचं थांबलं म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक आहे, हे बाबांना कुणी शिकवायला नको होतं.

"न्हाय देत," ते म्हणाले.

"अहो, ठरलं होतं ना?"

"सूनबायचा जीव जडलाय. बाईमाणूस हाय, काय करतोस?"

बघा म्हणजे! खापर माझ्या डोक्यावर. पण त्या दिवशी ते डोकं मी आनंदानं पुढे केलं. मुलीनं पिल्लाच्या मानेत तोंड खुपसलं होतं, आणि तिचे खांदे हलत होते.

पुढची वर्षं मी ज्या कौतुकानं बघितली, तेवढ्या कौतुकानं दुसरं काही बघितल्याचं आठवत नाही. पहिल्या वर्षी आमची छोटी घोडी राखाडी झाली. मग लोखंडासारखी. मग अंगभर रुपयाएवढे फिके ठिपके उठले, पावसाआधीच्या ढगांत असतात तसे. गावातले चिडवायचे, "तुमची घोडी म्हातारी व्हायला लागली काय?" मान पांढरी झाली तरी शेपूट काळीच होती. पुराणात समुद्रमंथनातून निघालेल्या घोड्याच्या शेपटीवरून दोघी बहिणींनी पैज लावली होती ना, काळी की पांढरी, ती गोष्ट ऐकताना मला वाटायचं, देवाच्या घोड्याची शेपूट काळी कशी असेल? आता कळलं, असू शकते. आमचीही होती. मग एका उन्हाळ्यात तीही उजळली.

घोडी पांढरी झाली. मी आणि माझी मुलगी काही झालो नाही. बेसन झालं, साय झाली, नात्यातल्या बायकांनी सांगितलेलं सगळं झालं. शेवटी मुलीनं बेसनाचा डबा उचलला आणि त्याची भजी तळली.

या वर्षी तिचं लग्न झालं. नवरदेवाची वरात तिच्याच घोडीवरून निघायची होती. दुपारी अंगणात घोडी सजून उभी होती, मोगऱ्याच्या माळा, कपाळावर कुंकू, उन्हात बघवत नव्हती इतकी पांढरी. बाहेर बेंजोवाले सूर लावत होते. नवऱ्या मुलाची आत्या आधीच येऊन पोचली होती. घोडीकडे बघून म्हणाली, "काय रूप आहे हो! नवरी जरा अशी उजळ असती, तर जोडा कसा शोभला असता."

मुलगी ऐकत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा खुर्चीवरून उठले. आता ते काठीशिवाय चालत नाहीत. कळशीत हात बुडवला, घोडीच्या मानेवरून फिरवला आणि केसांत भांग पाडला.

"इकडे या, आत्याबाई. बघा. कातडं बघा."

आत्याबाई वाकून बघायला लागल्या. "अगो बाई, हे तर काळं!"

"व्हय. दर्यावर हेच टिकतं. बाकीचं निस्ते केस."

बाबांनी ओला हात धोतराला पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला मी देऊन टाकायला निघालो हुतो, सूनबाय." सहा वर्षांत पहिल्यांदा.

फोटोवाला आला. मी सवयीनं चार हात लांब जाऊन उभी राहिले. बाबांनी काठी उचलून मला खूण केली.

"लांब कशाला? जवळ ये. आनखी जवळ."

मी गेले. एका बाजूला मुलगी, एका बाजूला मी, मध्ये घोडी. घोडीच्या ओल्या मानेला मी गाल लावला. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी फोटोवाल्यानं काढलाच. फोटोत आम्ही दोघी चांगल्या काळ्या आलो आहोत. तो मी दारासमोरच्या भिंतीवर लावला आहे.