कचरूमामाची थट्टा

धाडच्या बाजारात कचरूमामाची जीभ प्रसिद्ध. गिऱ्हाईक विजेची जळालेली मोटार त्याच्या दुकानात भरायला घेऊन येई आणि मामाच्या टोमण्यांनी स्वतःच जास्त जळून परत जाई. त्याच जिभेनं घोटाळा केला.

मोटारींत तांब्याची तार भरायचा तो भाचा प्रसेनजित. पोरगा स्वमग्न आहे, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत त्याची विशी उलटली होती. तोवर गाव त्याला ‘सरळसोट’ म्हणून मोकळं झालं होतं. शब्द कानावर पडेल तसाच तो उचले. ‘चल, चहा मारू’ म्हटलं, तर ‘काऊन मारायचा? त्यानं काय केलं?’ असं विचारी.

एका दुपारी, ‘तार संपली’ ज्या सुरात सांगायचा त्याच सुरात तो म्हणाला, “मामा, मले जगाव वाटत नाई.”

चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मामाला वाटलं, पोरगं शेवटी थट्टा शिकलं. तो पोट धरून हसला. “पहिले बेबीताईच्या गिरणीची मोटार भर बे, मंग जाय कुठी जायचं तिकडं.”

प्रसेनजितनं मान डोलावली. संध्याकाळी मोटार फिरवून दाखवली, पक्कड-पाने पुसून जागेवर लावले आणि दुकानाची किल्ली मामाच्या हातात ठेवली. “झाली. आता जाऊ?”

मामाचं हसू जागीच वाळलं. ती थट्टा नव्हती. मामानं सांगितलेलं काम संपेपर्यंत पोरगं थांबलं होतं, एवढंच. त्याचा हात न सोडता मामानं जीप केली आणि थेट बुलढाण्याचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की याचं दुःख चेहऱ्यावर दिसेलच असं नाही. तो सांगतो ते खरं माना, आणि सरळ विचारत जा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात मरण शिरत नाही, न विचारल्यानं माणूस एकटा पडतो.

तेव्हापासून मामा रोज शटर वर करता करता विचारतो, “आज मराव वाटते काय?” ‘नाई’ आलं की काम सुरू, ‘थोडं’ आलं की शटर खाली आणि दोघं बुलढाण्याच्या एसटीत. शेजारचा जब्बार टेलर म्हणतो, “कचरूभाई, सुबह-सुबह ये कैसी दुआ-सलाम?” जन्मात पहिल्यांदा मामा उलट टोमणा मारायचं सोडून भाच्याच्या उत्तराकडे कान देतो.

परवा राहवलं नाही. खाली बघत त्यानं विचारलं, “त्या दिवशी मी हसलो, ते लय लागलं काय रे तुले?”

तार गुंडाळता गुंडाळता प्रसेनजित म्हणाला, “हाव, लागलं; उद्या सकाळी बी विचारजा.”