मामाने आवाज बारीक केला

मामाचं नाव काढलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार.

माझे वडील, आमचे आप्पा, पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पेन्शन घेऊन मिरजेला आले आणि लग्नाच्या बँडमध्ये शिरले. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. साताऱ्याच्या अलीकडचा ऊसवाला, दारात ट्रॅक्टर. तो आप्पांना चारचौघांत 'आमचं पिपाणीवालं पाव्हणं' म्हणायचा आणि वर स्वतःच हसायचा. बँडवाल्यांची पंगत सगळ्यांच्या शेवटी, गोठ्याच्या अंगाला बसायची, ही तेव्हाची रीत. मामाच्या मुलीच्या लग्नात बँड आप्पांचा होता, तर या शहाण्याने सख्ख्या मेहुण्याचं पान त्याच पंगतीत मांडलं. आई आत पाहुण्यांना वाढत होती. तिनं ते खिडकीतून पाहिलं आणि तशीच वाढत राहिली. तिच्या जागी मी असते तर जिलेबीचं ताट मामाच्या फेट्यावर उपडं केलं असतं.

आईचं एकच मागणं होतं. भावानं आयुष्यात एकदा तोंड मिटून बसावं आणि तिच्या नवऱ्याचं वाजवणं ऐकावं. बास. यापलीकडं तिनं माहेराकडं काही मागितलं नाही, साडीचोळीसुद्धा नाही.

आणि तशी वेळ आली. पलटणीतला एक जुना सोबती मुंबईत गाण्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवायचा, त्यानं आप्पांना बोलावून घेतलं. टीव्हीवर एक कौटुंबिक नाटक होणार होतं, त्याच्या मागच्या संगीतासाठी मोठा वाद्यवृंद जमवला होता. आप्पा परत आले ते वेगळेच. एवढी व्हायोलिनं एका दमात वाजताना त्यांनी पलटणीतसुद्धा ऐकली नव्हती. नाटकात सून घर सोडून निघते, उंबऱ्यात थांबते, तिथं आप्पांची क्लॅरिनेट एकटी वर येते, असं ते आईला सांगत होते. पण चित्रासकट ते त्यांनीही पाहिलं नव्हतं. नाटक एकदाच लागणार होतं.

मिरजेत तेव्हा टीव्ही दिसायचाच नाही. मामाने मात्र माळवदावर अँटेनासाठी हा एवढा उंच लोखंडी पाइप उभा करून पुण्याचा टॉवर पकडला होता. मुंग्या मुंग्या दिसायच्या, पण दिसायचं. आईनं स्वतः निरोप धाडला, आम्ही येतोय. एसटीत ती आप्पांच्या शेजारी नवी नवरी बसावी तशी बसली होती.

पोचलो तर अंगणात मांडव! सतरंज्या, टेबल, हार, शाल, नारळ आणि भाड्यानं आणलेला लाऊडस्पीकर. मामाने सत्कार ठेवला होता. आपल्या मेहुण्याचं टीव्हीवर लागणार म्हटल्यावर मामाला अचानक मेहुणा आठवला. कारखान्याचे दोन डायरेक्टर, सरपंच, सगळे पुढच्या खुर्च्यांवर. टीव्ही ओसरीत मांडला होता. मी मामाला सांगितलं, सत्कार आधी उरका नाहीतर नंतर करा. तो म्हणाला, डायरेक्टर सायबांशिवाय सुरू कसं करायचं? साहेब आले आणि नाटकही तेव्हाच सुरू झालं.

आमच्याकडं सत्कार म्हणजे हार एकाचा आणि भाषणं दहांची. सरपंच बोलले, साहेब उसावर बोलले. मग मामा उठला आणि आपण हा पाइप कसा उभा केला ते सांगायला लागला. तेवढ्यात टीव्हीच्या बाजूला वळून म्हणाला, "आवाज बारीक करा रं, भाषण ऐकू येईना."

आणि कुणीतरी केला की बारीक!

आप्पा गळ्यात हार घालून बसले होते. मांडीवरच्या नारळावर त्यांची बोटं हलायला लागली. मी टीव्हीकडं पाहिलं. सून उंबऱ्यात उभी होती.

आई उठली. भावापुढं तिनं कधी मान वर केली नव्हती. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, खाली बस. त्यांचं वाजाय लागलंय."

मामा माइकवरच हसला. "आगं, पाव्हणं सोता हितं बसल्यात. काढा ती पिपाणी, परत्यक्षच ऐकू की!"

"ते वाजवाय आलं न्हाईत," आई म्हणाली. "पाव्हणं म्हणून आल्यात."

मग आवाज मोठा केला. बैल गेला न् झोपा केला. तोवर पडद्यावर सासू डोळे पुसत होती. आई न जेवता बाहेर पडली, आम्ही तिच्या मागं. ती सत्काराची शाल मी मांडवातच भिरकावली.

दुसऱ्या दिवशी मिरजेत आईनं आप्पांपुढं क्लॅरिनेट ठेवली. वाजवून दाखवा म्हणाली. आप्पा म्हणाले, एकट्याचं त्यात काही नाही, खाली व्हायोलिनं लागतात. माझं म्हणजे एक लांब सूर, मग बराच वेळ गप, मग थोडं. आई म्हणाली, गप बसायचं तिथं गप बसा.

आप्पांनी तो लांब सूर लावला. मग क्लॅरिनेट मांडीवर घेऊन ते पायानं ताल मोजत राहिले. तेवढ्यात शेजारीण वाटी घेऊन दारात आली, तर आईनं हात वर करून तिला उंबऱ्यातच थांबवलं. ती बिचारी उभी राहिली. मग आप्पांनी राहिलेलं वाजवलं.

"हितं ती सून उंबरा वलांडती व्हय?" आईनं विचारलं. आप्पांनी मान डोलावली.

त्यानंतर आई माहेरी गेली नाही. मामा गेला तेव्हासुद्धा नाही.