आता परत पुसा

महाडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. कुडपणहून एक बाई जुना कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून एसटीने घेऊन आल्या. गावातल्या मुलींना त्या त्यावर शिकवायच्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

विंडोज सुरू होत नव्हती. ती परत बसवायची जी सोय कंपनी मशीनमध्येच देते, तीही कुणीतरी पुसून टाकलेली.

"ताई, मूळ सीडी असेल तरच जमेल. नाहीतर भंगारात द्या," मी म्हटलं.

त्यांनी पदर खोचला. "भंगारात घालायला गाव टपलंच हाय. पोरींना कशाला हवा, म्हणतात. त्यांचं खरं मी होऊ देणार नाय. सीडी कुणाकडं असंल ते सांगा."

टाळायचं म्हणून मी पोलादपूरच्या एका टायपिंग क्लासचं नाव सांगितलं. क्लासने आपलं तसलंच मशीन विकून टाकलं होतं, सीडी मात्र तिथेच पडून होती. क्लासवाल्याने आधी नाही म्हटलं, पण बाई दारातून हलल्या नाहीत. संध्याकाळी सीडी घेऊनच परतल्या.

मी आतलं सगळं पुसून विंडोज नव्याने बसवली. त्या माझ्या खांद्यामागे उभ्या राहून एकेक बटण निरखत होत्या. मशीन सुरू झालं, तशी मी गोधडी पुढे केली.

"आता परत पुसा," त्या म्हणाल्या.

"अहो, चालू झालाय की!"

"तुम्ही केलात. आता मी करणार. पुढच्या वेळी डोंगर उतरून कुणाच्या दारात बसणार नाय."

मी उठून त्यांना माझी खुर्ची दिली.

त्या परत कधी दुकानात आल्या नाहीत. गिऱ्हाईक फिरकलं नाही म्हणून मला आनंद झाला, तो तेवढा एकदाच.