तावडे मास्तरांची नजर

मास्तर गेल्याचं मला तीन दिवसांनी कळलं, तेही भांडुप स्टेशनबाहेर दाढी करून घेताना. "तुमचे ते हुतुतूवाले मास्तर गेले ना," वस्तरा पुसत न्हावी म्हणाला. मी उरलेली दाढी गुपचूप करून घेतली आणि घरी आलो. दिवसकार्यालाही गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार होतो?

मुलुंडच्या आमच्या शाळेत तावडे मास्तर ड्रिल शिकवायचे. कागदावर ड्रिल, खरं म्हणजे हुतुतू. शाळेमागचा माळ त्यांनी स्वतः खणला, माती चाळून मैदान केलं. चिडले की गावच्या मालवणीत सुटायचे, "मेल्या, पाय मागे घे मरे!" एक नियम मात्र त्यांनी आम्हाला मारूनमुटकून शिकवला. समोरच्या गड्याचा हातपाय लागला, तर पंचाने विचारायच्या आधी आपण हात वर करून बाहेर व्हायचं. बाकीच्या शाळांतली पोरं आम्हाला हसायची. त्यापायी आम्ही हरायचोही, पण पुढे कप येऊ लागले आणि एका कॉलेजाने मास्तरांना बोलावून घेतलं. मलाही त्यांनीच तिथे नेलं, फी माफ व्हावी म्हणून नादारी मिळवून दिली.

चार वर्षांपूर्वी कॉलेजची फायनल होती. गुण बरोबरीत, वेळ संपत आलेली. चढाईला आलेल्या गड्याच्या पायाचा अंगठा माझ्या नडगीला लागला, चांगला लागला. तो निसटून गेला, पंचाला काही दिसलं नाही. मी हात वर केला नाही... आणि मास्तर बाकावरून ओरडले, "गणपत, बाहेर हो! लागलंय तुला!" पंचाने मला बाद दिलं आणि आम्ही एका गुणाने हरलो.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांनी मास्तरांसमोर मला विचारलं, "खरंच लागलं होतं का?" बाहेर सगळा संघ दातओठ खात उभा होता, आणि मला नादारी दिसत होती.

"नाही सर. लागलं नव्हतं."

मास्तर नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्या महिन्यात कॉलेजने त्यांना नारळ दिला. शाळेतली जागा केव्हाच भरली होती. वीस वर्षं पोरं घडवलेला माणूस एका कारखान्याच्या गेटवर हजेरी घेऊ लागला, आणि ज्यांनी कधी मैदानाची माती पायाला लावली नाही ते त्याला घरभेदी म्हणू लागले. रस्त्यात मास्तर दिसले की मी गल्ली बदलायचो. ते मला शिव्याशाप देत असणार, हे मी धरूनच चाललो होतो.

गेल्या रविवारी शेवटी धीर करून त्यांच्या घरी काकूंना, मास्तरांच्या बायकोला, भेटायला गेलो. फळीवर एक चष्मा होता.

"मास्तरांना चष्मा कधी लागला, काकू?"

"तुझ्या त्या मॅचनंतर. म्हणाले, गणपत खोटं बोलायचा नाय, माझीच नजर गेली. पोरांचा कप घालवला मी. डॉक्टर सांगत होता, डोळे चांगले आहेत. ऐकतायत कुठे! हट्टाने साध्या काचांचा करून घेतला. मैदानात मग पाऊल टाकलं नाही. आंधळ्याने काय शिकवायचं, म्हणायचे."

मी तो चष्मा लावून पाहिला. काकूंचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तरीही माझी जीभ उचलली नाही.

काकूंना वाचता येत नाही. शेजारचं कुणीतरी हे वाचून दाखवेल. काकू, मास्तरांचे डोळे चांगले होते. मला लागलं होतं.