ओ न देणारी ग्रंथी

रिपोर्टमध्ये टीएसएचच्या आकड्यापुढे वर जाणारा बाण होता. आकड्यांवर माझा फार विश्वास. थायरॉइडचा आकडा वाढला म्हणजे ग्रंथी जास्त काम करते, असा सरळ हिशेब मी मांडला. मग सकाळी उठवत का नाही, भर वैशाखात शाल का लागते? म्हणजे आळस माझाच.

डॉक्टरीणबाई हसल्या. "अहो ताई, हा आकडा ग्रंथीच्या कामाचा नाही. मेंदू तिला उठवायला ज्या हाका मारतो, त्यांचा आहे. ती ओ देत नाही, म्हणून हाका वाढल्यात."

हे मला लगेच पटलं. आमच्या घरातही सगळ्यांत मोठा आवाज माझाच, आणि तो जोरकसपणाचा आहे असं सगळे समजतात. खरं तर कुणी ओ देत नाही म्हणून तो चढतो. जिथे आरडाओरडा ऐकू येतो, तिथे कुणीतरी पांघरुणात निवांत पडलेलं असणार.

"म्हणजे आळशी ही नाही, हिची ग्रंथी आहे," शेजारी बसलेले माझे यजमान म्हणाले.

"मग यापुढे तिलाच बोला!" मी म्हटलं.

उद्यापासून रोज उपाशीपोटी गोळी. घरचा जिना चढताना नेहमीसारखा दम लागला. मी मधेच पायरीवर टेकले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याची लाज वाटली नाही.