आधी गाडी आत जाते

युद्धाच्या कामातही एवढं हसू साठतं, हे घरी सांगून पटत नाही. आमचं जळगावात छोटं वर्कशॉप. शहरातल्या लढाईत जवान घरात शिरण्याआधी आत जायचं आणि कोण दडलंय ते कॅमेऱ्यातून दाखवायचं, अशी बिनमाणसाची, सहा चाकांची गाडी आम्ही बनवतो. डिझाईन माझं, रिमोट योगेशच्या हातात, आणि साक्रीचे आबा, रिटायर्ड हवालदार, आम्हाला लढाई शिकवतात.

पहिली टेस्ट पिंप्राळ्यात. योगेशचा अंदाज चुकला आणि गाडी थेट एका अक्कांच्या स्वयंपाकघरात! मी धावत गेलो. "अक्का, घाबरू नका, मिलिटरीसाठीची गाडी आहे."

"मंग चाकं पुशीसन ये म्हना तिले! आतेच फरशी पुसेल शे!"

*

मग असोद्याच्या अरुंद गल्ल्या. गाडी गुपचूप निघाली, मागून गावभरची कुत्री भुंकत! आबा म्हणाले, "याले गुप्त टेहळणी म्हनतस?"

तेवढ्यात स्क्रीन काळा. सिग्नल गेला म्हणून योगेशला घाम फुटला. जाऊन बघतो तर गाडीवर शेणाची पाटी पालथी, पाटीवर दगड! शेजारी आजीबाई उभ्या. "माही शेळी बुजली ना!"

योगेश मला म्हणाला, "सर, शत्रूकडे पाटी असली तर?"



*

एकदा आबा शत्रू बनून रिकाम्या बंगल्यात लपले. गाडीचा स्पीकर चालू आहे हे विसरून योगेश बाहेर बोलला, "आबा घोरत असतील, आवाजावरूनच सापडतील!"

स्क्रीनभर मिशा आल्या. "जागा शे मी!"

*

धुळ्याजवळची ट्रायल मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पुढचं काम मिळालं म्हणून आता सांगतो. तेव्हा फसलो असतो तर वर्कशॉपला कुलूपच! समोर मोठे अधिकारी. एक पडीक घर, आत कुठेतरी त्यांनीच पेरलेला छोटा सुरुंग. गाडीने पहिली खोली दाखवली, दुसरी दाखवली, तिसरीच्या उंबऱ्यावर... धडाम!

स्क्रीन बंद. धुरातून एक चाक गडगडत आलं आणि साहेबांच्या बुटांपाशी आडवं झालं.

योगेश पांढराफटक. साहेबांनी चाकाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"कॅज्युअल्टी?"

आबा पुढे झाले. टाचा जुळवल्या. डोळे भरलेले, पण आवाज परेडवरचा.

"एक चाक, साहेब! माणूस एकही नाही!"